गारगोटीच्या शिबिरातली कमल

आमच्या घरात मी शेवटचं गोड काय खाल्लं ते मला आठवत नाही, पण गोडाचा वास नसलेला एकही हिवाळा आठवत नाही. शेताच्या कडेला आमचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की घाण्याचं इंजिन सुरू व्हायचं आणि त्याचा फटफट आवाज उन्हं तापेपर्यंत आमच्या झोपेत, जेवणात, अभ्यासात चालूच असायचा. चुलवाणात चिपाडं धडाडून पेटायची. काहिलीतला रस उकळून दाट होत आला की त्याचा वास सगळ्या शिवारावर पसरायचा, कपड्यांना लागायचा, केसांना लागायचा, म्हशींच्या पाठींनासुद्धा लागायचा. गल्लीतली पोरं वाट्या घेऊन काकवीला यायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, कुणालाही माघारी पाठवायचे नाहीत. मी मात्र गोठ्याच्या भिंतीशी उभी राहून बघायची. त्या भिंतीच्या पलीकडं जायचं नाही, अशी मला ताकीद होती.

मला साखरेचं दुखणं निघालं तेव्हा मी चौथीत होते. घागरीच्या घागरी पाणी प्यायले, अंगावरचं मांस झडलं आणि एक दिवस शाळेत बाकावरच पडले. कोल्हापुरातल्या डॉक्टरबाईंनी मला वाचवलं, आणि आबांना सांगितलं की ह्या पोरीला आता जन्मभर रोज सुई टोचावी लागेल, सुई चुकली तर पोरगी राहणार नाही. आबांनी ते ऐकलं आणि घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. मग आमच्या थोरल्या आईनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, हे घराबाहेर जाता कामा नये. तिची लेक शालन तेव्हा लग्नाला आली होती. घरात असलं दुखणं आहे म्हटल्यावर शालनला कोण करून घेणार, आणि पुढं मला, नंदाला, तरी कोण करून घेणार, हा तिचा प्रश्न होता. म्हणून माझं दुखणं आमच्या घरात चोरून आणलेल्या वस्तूसारखं राहू लागलं.

सकाळी आई माजघराला आतून कडी घालायची. छोट्या पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळायला ठेवायची, आणि ती काच पातेल्याच्या बुडाशी किणकिण वाजायला लागली की मी मांडी आखडून घ्यायची. सुई जाड होती आणि पुन्हा पुन्हा वापरून बोथट व्हायची. आई तोंड फिरवून टोचायची, मी तिच्या पदराचा बोळा तोंडात धरून रडायची, कारण आवाज बाहेर जायला नको. लघवी तपासायची ती गोठ्यामागं. निळं औषध नळीत घेऊन त्यात थेंब टाकायचे आणि नळी ज्योतीवर धरायची. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं की आई नळी धुऊन टाकायची आणि त्या दिवशी माझ्या ताटातली अर्धी भाकरी कमी व्हायची. कारल्याचा रस, मेथीची भाजी, पातळ आमटी. सणाला पुरण शिजायचं तेव्हा मला मागच्या परड्यात शेंगा फोडायला बसवायचे. आईनंही गोड सोडलं होतं. ती गेली तोवर तिनं तोंडात गुळाचा खडा घातला नाही.

आज माझ्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असते आणि साखर किती आहे ते फोनवर दिसतं. नात विचारते, आज्जी, तुझी बॅटरी किती राहिली? मी हसते. पण ती किणकिण अजून ऐकू आली की, अगदी कुणी चहाच्या कपात चमचा फिरवला तरी, माझी मांडी आपोआप आखडते.

सहावीत होते तेव्हा एका दुपारी मला दरदरून घाम सुटला. हातपाय लटपटायला लागले, समोरची माणसं दोन दोन दिसायला लागली आणि मी काहीबाही बरळायला लागले. सकाळी सुई झाली होती, पण डोकं दुखतंय म्हणून मी भाकरी तशीच ठेवली होती. थोरल्या आईला वाटलं बाहेरचं काही लागलं. तिनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. आबा गुऱ्हाळावरनं पळत आले तेव्हा माझे डोळे फिरले होते आणि दातखीळ बसली होती. मला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं. डॉक्टरबाईंनी शिरेतून साखर दिली आणि मी डोळे उघडले. मग त्यांनी आबांना बाहेर नेलं. पोरीची साखर उतरली होती, शुद्ध होती तोवर जिभेवर गुळाचा खडा ठेवला असता तर ती उठून बसली असती, असं त्या म्हणाल्या. आबांनी हे मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, घरात गुळाच्या ढेपांची थप्पी लागली होती, नंदा, आणि आम्ही तुला कांदा हुंगवत होतो.

त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी शिबिराचं काढलं. मे महिन्यात गारगोटीला एका शाळेच्या वसतिगृहात त्या अशा मुलांना आठवडाभर ठेवून घेणार होत्या. घरी आल्यावर भांडण झालं. थोरली आई म्हणाली, तिथं जिल्ह्याची पोरं येणार, म्हणजे जिल्ह्यात बोभाटा. आबा एवढंच म्हणाले, पोरगी मेली तर बोभाटा व्हायचा राहतोय काय? गल्लीत सांगितलं की नंदा मामाकडं कागलला चाललीय, आणि आबा मला गारगोटीच्या एसटीत बसवून घेऊन गेले.

कमल मला तिथं पहिल्याच संध्याकाळी भेटली. वसतिगृहाच्या लांब खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या आणि आम्ही सगळी पोरं आपापली पिशवी छातीशी धरून बसलो होतो. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, जेवायच्या आधी सुई. मी सवयीनं दाराकडं बघितलं, कडी कोण घालणार म्हणून. माझ्या शेजारी एक काळीसावळी, किडकिडीत पोरगी बसली होती. तिनं पिशवीतून डबा काढला, सिरिंज भरली, परकर थोडा वर केला आणि गप्पा मारता मारता मांडीत सुई टोचली. मी बघतच राहिले.

"कोण टोचतंय तुला?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, आई.

"आणि आई गावाला गेली मग?"

ती मलकापूरच्या पलीकडची, रत्नागिरी रस्ता सोडून डोंगरात आत तिचं गाव. बाप लहानपणीच गेलेला. आई दुसऱ्याच्या रानात भातलावणीला, कापणीला जायची, ती पहाटे जाऊन दिवस मावळता यायची. तेव्हा सुई आपली आपणच टोचायची, यात कमलला विशेष काही वाटत नव्हतं. आमच्याकडं बायका-पोरीही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पण तिच्या तोंडी ते फार ठाम वाटायचं. शिबिरात पुण्याहून आलेली एक ताई त्याला हसली, तेव्हा कमल म्हणाली, "मी करतो म्हणल्यावर मी करतोच की." आणि पुन्हा ती ताई हसली नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हाला आधी लिंबावर सुई टोचायला शिकवली. लिंबावर जमलं, पण स्वतःच्या मांडीवर हात उतरेना. मी रडायला लागले, आणि सवयीनं ओढणीचा बोळा तोंडात घातला. कमलनं तो ओढून काढला. इथं कुणाला चोरून रडतीस, असं तिनं विचारलं. मी इकडंतिकडं बघितलं. खोलीभर पोरं मांड्या उघड्या टाकून बसली होती, कुणी ओरडत होतं, कुणी दुसऱ्याला चिडवत होतं. मला तोवर वाटायचं की सगळ्या जगात हे दुखणं मला एकटीलाच आहे. मी सुई टोचली. दुखलं, पण आईच्या हातानं दुखायचं त्यापेक्षा कमी दुखलं, आणि ते कळल्यावर मला आईची फार दया आली.

पुढच्या दिवसांत खो-खो खेळताना माझी साखर उतरली. मला कळायच्या आधी कमलला कळलं. मी पाठलाग सोडून मैदानात उगीच उभी राहिले होते म्हणे. तिनं मला धरून खाली बसवलं आणि डॉक्टरबाईंनी प्रत्येकाच्या खिशात दिलेली गुळाची पुडी सोडून खडा माझ्या तोंडात घातला. दोन वर्षांनी जिभेवर गूळ आला. मी घाबरून थुंकायला गेले तर तिनं माझा जबडाच दाबून धरला. "गीळ. औषध हाय ते." हळूहळू मैदान जागेवर आलं, झाडं एकेक दिसायला लागली. आमच्याच गुऱ्हाळासारखा गूळ होता तो, पिवळाधमक, जरा खारट.

त्या आठवड्यानं मला काय दिलं, असं कुणी आज विचारलं तर मी औषधांची नावं सांगणार नाही. नळीचा रंग लाल आला म्हणजे आपण पाप केलं असं नसतं, हे तिथं कळलं. भाकरी किती, खेळणं किती, सुई किती, ही तिन्ही एकमेकांना धरून चालतात, हे कळलं. डॉक्टरबाई रोज दुपारी फळ्यावर शिकवायच्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, हेही त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. आमच्याकडं माझ्यासाठीच फ्रिज आणलेला होता, दुधाचं निमित्त सांगून. कमलही त्या सुरात म्हणत होती.

निघताना डॉक्टरबाईंनी, ज्यांना परवडत नव्हतं त्या मुलांना बाटल्या दिल्या. कमलला त्यांनी एकदम पुष्कळ दिल्या, तिच्या आईचे कोल्हापूरचे हेलपाटे वाचावेत म्हणून. आधी दर खेपेला एकेक बाटली मिळायची. आता डबाच भरला. कमल खूश होती. एसटीच्या खिडकीतून तिनं मला तो डबा वर करून दाखवला.

घरी आल्यावर आठवड्याभरातच शालनला बघायला पावणं आले. बाहेरच्या सोप्यात सतरंजी टाकलेली, पोह्यांच्या ताटल्या फिरत होत्या, आणि माझी सुईची वेळ झाली. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, आत चल, कडी घालते. मी आत गेले, डबा घेतला आणि समोरच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल अशा जागी जोत्यावर बसून सुई टोचली. मुलाच्या आईनं ते बघितलं आणि विचारलं, पोरीला काय झालंय? थोरली आई बोलायच्या आधी आबा म्हणाले, तिला साखरेचं दुखणं आहे, ती आपली आपण औषध घेते. पावणं चहा न घेता उठले. थोरली आई त्यानंतर माझ्याशी कित्येक महिने बोलली नाही. शालनचं लग्न पुढं दुसरीकडं झालं, चांगलं झालं, पण त्या घरातला तो अबोला मी विसरले नाही. त्या दिवसापासून माजघराची कडी मात्र पुन्हा लागली नाही.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा गारगोटीला गेले. कमलची जागा मी माझ्या सतरंजीशेजारी धरून ठेवली. ती पहिल्या दिवशी आली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, लांबचं गाव आहे, एसटी चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी फाटकातून एक बाई आत आली. उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. चेहरा इतका कमलसारखा होता की मी पळतच गेले. मी तिच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. तिनं मला विचारलं, डॉक्टरीणबाई कुठं हायत, आणि मी तिला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. मला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून मी दारातच उभी राहिले.

ती खाली बसली. खुर्ची दिली तरी बसली नाही. पिशवीतून तोच डबा काढून तिनं टेबलावर ठेवला. त्यात उरलेल्या बाटल्या होत्या. कमल शिमग्यानंतर गेली, असं ती म्हणाली. मग जे झालं ते तिनं सावकाश, एकामागून एक सांगितलं. पोरगी रोज सुई घेत होती, एक दिवस चुकली नाही, आपण स्वतः बघत होतो. पण उन्हाळा लागला तसं नळीत लालच यायला लागलं. पोरगी म्हणाली, मी चोरून काय खाल्लेलं न्हाय, आई. पाणी पिऊन पिऊन तिचं पोट तट्ट फुगलं, मग उलट्या लागल्या, श्वास लागला. डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणली, मलकापूरच्या दवाखान्यात त्यांनी कोल्हापूरला न्या म्हटलं, आणि वाटेतच जीपमध्ये तिनं आईच्या मांडीवर जीव सोडला. हे सगळं सांगताना ती रडली नाही. तिचं सांगून झालं आणि तिनं ज्यासाठी एवढी लांब आली होती ते विचारलं.

"बाई, पोरीनं समदं तुमी सांगितल्यागत केलं. मग चुकलं कुठं?"

डॉक्टरबाईंनी डब्यातली एक बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. हळूच आडवी फिरवली. दुधासारखं एकसारखं व्हायला पाहिजे होतं ते औषध. त्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या आणि काचेला आतून मिठासारखे कण चिकटले होते. त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग त्यांनी विचारलं, ह्या कुठं ठेवायचा?

कमलची आई म्हणाली, चुलीवरच्या फळीवर. पावसाळ्यात त्यांच्या डोंगरात घरात ओल चढते, भिंतींना बुरशी येते, म्हणून घरात जे जपायचं ते सगळं त्या फळीवर, बी-बियाणं, काड्यापेटी, तिखट. सगळ्यात कोरडी जागा तीच. इतकी मोलाची वस्तू दुसरीकडं कुठं ठेवणार?

डॉक्टरबाई आमच्या कोल्हापूरच्याच, मोठ्या आवाजाच्या, फटकळ. त्या खुर्चीवरून उठल्या आणि कमलच्या आईसमोर जमिनीवर बसल्या.

"उष्णतेनं औषध मेलं होतं, मावशी. पोरगी रोज टोचून घेत होती, पण बाटलीत औषध राहिलंच नव्हतं. चूक तुमची न्हाय. माझी हाय. मी फळ्यावर फ्रिज लिहिलं आणि तुमच्याकडं फ्रिज हाय का ते विचारलं न्हाय. आणि वर एवढ्या बाटल्या एकदम दिल्या."

मी आता त्या वेळच्या डॉक्टरबाईंपेक्षा वयानं मोठी आहे, आणि मला वाटतं, ती चूक एकट्या त्यांची नव्हती. तो डोंगर होता, ती वाट होती, ते पैसे नसणं होतं, आणि फ्रिज नाही हे चारचौघांत सांगायची कमलला वाटलेली लाज होती. पण सगळ्यांची म्हटली की चूक कुणाचीच राहत नाही. त्या बाईनं डोंगरातून येऊन विचारलं होतं, आणि कुणीतरी समोर बसून माझी म्हणायला पाहिजे होतं. ते त्यांनी म्हटलं.

कमलच्या आईनं ती बाटली हातात घेतली. फळीवर ठेवायला मीच सांगितलं होतं तिला, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "ह्या पोरांना इचारलंसा का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. त्या उठल्या आणि आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावून घेतलं. काय झालं ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कमलला ओळखणारी पोरं रडायला लागली. मला रडू येत नव्हतं, कानात नुसती शिट्टी वाजत होती. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, कुणाकुणाच्या घरी फ्रिज नाही? एकही हात वर झाला नाही. पोरं एकमेकांकडं बघत होती, काही मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत होती.

कमलची आई भिंतीला टेकून बसली होती. तिथनंच ती म्हणाली, "हात वर करा रं. माझ्या पोरीनं केला न्हाय."

आधी एका बारक्या पोराचा हात वर आला. मग त्याच्या मागच्या मुलीचा. मग इकडून तिकडून हात वर येत गेले, आणि खाली राहिलेल्यांत मी होते आणि शहरातली थोडीच होती. डॉक्टरबाईंनी ते हात बघितले आणि तोंडावरनं पदर फिरवला. त्या दुपारी झोप नव्हती. गारगोटीच्या बाजारातून माठ आणि वाळू आणली, ओल्या वाळूत लहान मडकं कसं बसवायचं, बाटली कोरड्या डब्यात घालून आत कशी ठेवायची, गुठळी कशी ओळखायची, हे सगळ्यांच्या हातून करून घेतलं. पुढं मी दरवर्षी त्या शिबिराला गेले, आधी शिकायला आणि नंतर शिकवायला. पहिल्या दिवशी पहिला प्रश्न तोच असायचा, आणि तो एकेकाला बाजूला घेऊन विचारला जायचा.

त्या दिवशी कमलची आई आमच्याबरोबर जेवली. आधी सुया झाल्या. ती एकेका पोराकडं बघत होती. तिनं मला विचारलं, तू नंदा न्हवं? मी मान हलवली. ती म्हणाली, घरात ती एकटीच घ्यायची, पाठ करून. हितं समदी एकदम घेत्यात. तिनं वरणभात कालवला, दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

निघताना डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, त्या बाटल्या राहू देत इथंच, आता त्यांचा उपयोग नाही, मी टाकून देते. तिनं नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या कुणाच्या पोराला लागतील म्हणून आणल्या होत्या, एवढं बोलून तिनं बाटल्या पुन्हा डब्यात लावल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा पिशवीत ठेवला. कोल्हापूरच्या एसटीत गर्दी होती. मी आणि डॉक्टरबाई तिला बसवायला गेलो होतो. तिला बसायला जागा मिळाली तेव्हा तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून येणारं ऊन पिशवीवर पडत होतं म्हणून तिच्यावर पदर ओढला.